इस्लामपुरातले बर्फावरचे बूट

मित्रांनो, मी एक जुना स्केटचा जोड आहे. चाकांचा नव्हे, बर्फावरचा. पांढऱ्या कातड्याचे दोन उंच बूट आणि त्यांच्या तळाला स्क्रूने घट्ट बसवलेली दोन पोलादी पाती, एवढेच माझे शरीर. कातडे आता पिवळट पडले आहे आणि उजव्या टाचेवर एक ओरखडा आहे. मी इस्लामपुरात राहतो.

तुम्ही म्हणाल, इस्लामपुरात बर्फावरचे बूट कशाला? हाच प्रश्न मला इतक्या लोकांनी, इतके हसत हसत विचारला आहे की मी आधी लाजून घेतो आणि मग उत्तर देतो. जिथे बर्फ म्हणजे फ्रिजमधला किंवा गोळेवाल्याच्या गाडीवरचा, तिथे मी आलो कसा, ते सांगण्यापूर्वी माझ्या कुळाविषयी थोडे सांगतो. माझे कूळ लाजण्यासारखे मुळीच नाही.

हजारो वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात तळी गोठत. ती ओलांडायला माणसे घोड्यागुरांची हाडे घासून गुळगुळीत करत आणि चामड्याच्या पट्ट्यांनी पायाला बांधत. ते माझे सगळ्यात जुने पूर्वज. त्यांना धार नव्हती, म्हणून माणसाला हातातल्या काठीने रेटा देत पुढे सरकावे लागे. पुढे हॉलंडच्या लोकांनी लाकडी तळव्याला लोखंडाचे धारदार पाते लावले. धार बर्फात रुतू लागली, एका पायाने रेटा देऊन दुसऱ्यावर घसरता येऊ लागले आणि काठी सुटली. गरजेपोटी चालणारी माणसे तिथून खेळायला लागली.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात तर स्केटिंगची एक मंडळी होती. तिच्यात शिरायचे तर परीक्षा द्यावी लागे. दोन्ही पायांवर आळीपाळीने एकेक वर्तुळ काढायचे आणि मग बर्फावर ठेवलेल्या टोप्यांवरून उडी मारायची. आधी एक टोपी, मग दोन, मग तीन! बर्फावर पात्याने काढलेल्या त्या वर्तुळांना, आठाच्या आकड्यांना फिगर म्हणजे आकृती म्हणत. म्हणून हे फिगर स्केटिंग. अगदी पस्तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या स्पर्धांतही खेळाडूंना अशा आकृत्या काढून दाखवाव्या लागत, आणि परीक्षक खाली वाकून बर्फावरच्या रेघा तपासत.

नाच आणि संगीत या खेळात मागाहून आले. एका अमेरिकन नर्तकाने पाती थेट बुटांना जोडून घेतली आणि तो बर्फावर नाचू लागला. त्याच्या देशातल्या लोकांनी नाके मुरडली. तो युरोपात व्हिएन्नाला गेला, तिथे मात्र लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. हिवाळी ऑलिंपिक तेव्हा सुरूही झाले नव्हते.

असे माझे घराणे. त्यातल्या कुणाला उसाच्या मुलखात राहायची वेळ आली असेल, असे मला वाटत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मी शिमल्याला आलो तो एका लहान मुलीसाठी. तिथे उघड्यावर एक मैदान आहे. हिवाळ्यात संध्याकाळी त्याच्यावर पाणी शिंपडतात, सकाळी त्याचा बर्फ झालेला असतो, आणि ऊन चढण्याआधी मुले त्याच्यावर खेळून घेतात. माझे पाते सुरीसारखे एका धारेचे नाही. त्याच्या तळाला लांबलचक पन्हाळ आहे, त्यामुळे दोन कडांना दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. दोन्हींवर उभे राहिलात तर सरळ जाल, एकीवर कललात तर वळाल. सगळा खेळ या कलण्यावर उभा आहे. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतात. गिरकीला आणि उडीला ते लागतात, आणि नवशिक्यांना तोंडघशी पाडायलाही तेच पुढे असतात. म्हणून बर्फावर पहिला धडा असतो तो पडण्याचा. गुडघे वाकवा, बाजूला पडा, हात आवरून घ्या, उठा.

शिमल्याच्या त्या मुलीचे पाय वाढले आणि मी खेळांच्या सामानाच्या एका दुकानात मांडणीवर जाऊन बसलो. "जुना माल" म्हणून.

त्या दुकानात एक दिवस धनाजी आला. धनाजी लष्करात हवालदार. घराणे आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारे. मुलीच्या शाळेसाठी त्याने बायकोला, राणीला, इस्लामपुरात खोल्या घेऊन दिल्या होत्या. तो स्वतः कायम लांब, कधी एका सरहद्दीवर, कधी दुसऱ्या. त्या हिवाळ्यात त्याची नेमणूक शिमल्याला होती. सकाळी मैदानाच्या कठड्याला टेकून तो त्या नाचणाऱ्या मुलींकडे बघत राही. त्याची राजेश्वरीही स्केटिंग शिकत होती ना!

दुकानदाराने विचारले, "पैर का नंबर?"

धनाजीने आपली वीत पसरली, तिला दोन बोटे जोडली आणि म्हणाला, "इतना. पिछली छुट्टी में नापा था मैंने."

शिमल्याहून दिल्ली, दिल्लीहून मिरज, मिरजेहून एसटीने इस्लामपूर. सगळा प्रवास त्याने मला मांडीवर घेऊन केला. शेजारच्या प्रवाशांना खोके उघडून दाखवले. मी एवढा मिरवलो नव्हतो कधी.

तो पोहोचला त्या दिवशी राजेश्वरीच्या स्केटिंग वर्गाचे वार्षिक संमेलन होते. धनाजी घरी न जाता बॅग खांद्याला लावून थेट मैदानावर गेला. सिमेंटच्या त्या मैदानावर चमचमत्या कपड्यांतल्या मुली चाकांच्या स्केटवर गाण्याच्या तालात फिरत होत्या. त्यांत सगळ्यांत पुढे राजेश्वरी. तेरा वर्षांची, सडपातळ, पाठ ताठ. गाणे संपले, टाळ्या पडल्या आणि धनाजी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेला. त्याचे डोळे प्रवासाने लाल झाले होते, गळ्यात मफलर होता आणि अंगाला रेल्वेचा वास.

"राजे, बघ तुला काय आणलंय!" म्हणत त्याने सगळ्यांच्या देखत मला वर काढले.

क्षणभर कुणाला कळले नाही. मग एक मुलगा ओरडला, "काका, ह्यो बर्फावरचा हाय! हितं बर्फ कुठाय?"

"गोळ्याच्या गाडीवर चालवायचं व्हय?" दुसरा म्हणाला.

हशा पिकला. लहान मुले हसली, त्यांचे आईबापही हसले. मी धनाजीच्या हातात लोंबकळत होतो. पात्यावर दुपारचे ऊन चमकत होते आणि मला ते कुठे लपवावे ते कळत नव्हते.

धनाजीही हसला. हसताना त्याचा हात मात्र हळूहळू खाली आला.

तेवढ्यात राजेश्वरीच्या मैत्रिणीच्या आईने विचारले, "राजेश्वरी, हे कोण गं? तुझे पप्पा का?" विचारणे साहजिक होते. धनाजीला तिथे कुणीच कधी पाहिले नव्हते.

राजेश्वरी आपल्या चाकांकडे बघत म्हणाली, "नाही काकू. गावाकडचे आहेत आमच्या."

धनाजी तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने मला खोक्यात ठेवले, झाकण लावले आणि त्या बाईंना म्हणाला, "व्हय ताई. गावाकडचाच हाय मी."

मित्रांनो, खोक्यात अंधार होता, त्याचे मला बरे वाटले. तो अपमान माझ्यामुळे झाला होता. मी चाकांचा असतो तर त्या पोरीने बापाच्या गळ्यात हात टाकले असते.

घरी राणीने विचारले, "आवं, दाखवलं का पोरीला?"

"लय भारी नाचली गं पोरगी," एवढेच तो म्हणाला. खोके कॉटखाली गेले. जेवताना दोघे बापलेक मान खाली घालून जेवले, आणि राणीला वाटले की प्रवासाने थकलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी मॅडम घरी आल्या. त्या राजेश्वरीच्या प्रशिक्षक. काल संमेलनाच्या धावपळीत त्यांना काही दिसले नव्हते, पण मैदानावर बर्फावरचे बूट आले होते, हे रात्री त्यांच्या कानावर आले आणि त्यांना राहवले नाही. त्यांनी मला कॉटखालून काढायला लावले, माझ्या धारेवरून नखाची कड फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, खरे फिगर स्केट आहेत हे! आपण चाकांवर जे करतो ना, ते सगळं ह्यांचं बघून आलंय. मी डेहराडूनला एकदाच बर्फावर उतरले होते आणि आठवडाभर कठडा धरून उभी होते. मे महिन्यात तिथं नवशिक्यांचं शिबिर आहे. आपल्या भागातून कुणी गेलेलं नाही. कुणी आणले हे?"

"पप्पांनी," राजेश्वरी म्हणाली.

"म्हणजे काल ते गावाकडचे म्हणून आलेले..." मॅडम बोलता बोलता थांबल्या.

राणी चहा घेऊन दारात उभी होती. "कोण गावाकडचं?" तिने विचारले.

राणीने लेकीकडे बघितले, कपबशी खाली ठेवली आणि ती आत गेली. राजेश्वरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आदल्या दिवशी तिला बापाची लाज वाटली होती. आज तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि ही दुसरी लाज पहिलीपेक्षा फार जड असते, हे मी तिच्या हातांवरून ओळखले. ती मला धरून बसली होती आणि तिची बोटे नाडीत उगाच गुंतत होती.

मॅडम गेल्यावर ती मला घेऊनच मागच्या अंगणात गेली. धनाजी पाण्याच्या मोटारीपाशी उकिडवा बसून पाइपाला दोरी बांधत होता.

"पप्पा, काल मी त्या काकूंना जे बोलले..."

"काय म्हणतीस? मोटारीच्या आवाजात ऐकू येईना बघ."

मोटार बंद होती.

तिच्या डोळ्यांतून पाणी आले. धनाजी दोरीच्या गाठीकडे बघत म्हणाला, "कालबी लय आवाज हुता तितं. मला काय ऐकू आलं न्हाई."

"आलं होतं, पप्पा. मी चुकले."

गाठ पुरी व्हायला त्याला बराच वेळ लागला. मग तो उठला, हात पँटीला पुसले आणि एक हात तिच्या डोक्यावर ठेवला. "मीबी आधी फोन करून इचारायला पायजे हुतं. तू चाकावर खेळतीस का कशावर, ते बापाला ठावं नगं? बरं, ते जाऊ दे. बर्फ लागतोय न्हवं? बाळासोकडं जाऊ."

बाळासो त्याचा शाळेतला मित्र. सांगली रस्त्याला त्याचा बर्फाचा कारखाना आहे. तिथला बर्फ मासळीवाल्यांना आणि सरबतवाल्यांना जातो. रविवारी आम्ही गेलो, पल्लवी मॅडमही बरोबर आल्या. बाळासोने आधी सगळे ऐकून घेतले, डोके खाजवले आणि म्हणाला, "गड्या, बर्फावर लोक मासं ठेवत्यात. पोरगी कवा कुणी ठिवली न्हाई!" पण माणूस दिलदार. त्याने गोदामातला भुसा झाडून घेतला, लाद्या एकीला एक भिडवून मांडल्या, फटींवर गार पाणी ओतून त्या सांधल्या. फार तर दोन खाटा मावतील एवढे मैदान तयार झाले.

राजेश्वरीने मला पायात घातले, आणि तेव्हा मला कळले. मी तिला लहान होत होतो.

धनाजीची वीत खोटी नव्हती. पण ती मागल्या सुट्टीतली होती. मधल्या काळात पोरगी वाढली होती. तिची बोटे माझ्या टोकाशी दुमडली. तिने ओठ दाबला. धनाजी समोर गुडघ्यांवर बसून नाड्या आवळत होता. त्याने वर बघून विचारले, "बसलं का नीट?"

"एकदम बरोबर बसलेत, पप्पा," ती म्हणाली.

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती मैदानावरच्या हशापेक्षाही मोठी होती. मी बूट आहे. पायाला सांभाळणे हे माझे काम, आणि मी तिला चावत होतो.

ती उभी राहिली आणि पडली. उठली. पल्लवी मॅडम काठावरून सांगत होत्या, "गुडघे वाकव! चाकं आपोआप धरून ठेवतात, पातं नाही धरत. बाहेरच्या धारेवर कल. घाबरू नको, कल!" लादीच्या सांध्यात माझे दात अडकले आणि ती पुन्हा सपशेल पडली. बर्फ भरायला आलेले टेम्पोवाले हसले. धनाजीने त्यांच्याकडे वळूनही बघितले नाही. शेवटी एकदा ती डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर कलली, आणि मी तिला घेऊन अर्धे वर्तुळ फिरलो. मागे बर्फावर एक बारीक, वाकडी, पण अखंड रेघ उठली.

"ही बघा फिगर!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या.

धनाजीने खाली बसून त्या रेघेवरून बोट फिरवले. बर्फ वितळायला लागला होता.

सुट्टी संपली, तो शिमल्याला गेला. राजेश्वरीने कारखान्यात आणखी काही रविवार सराव केला. पातळातले पातळ मोजे घालायची, घरी येऊन बोटांना खोबरेल लावायची. मॅडमनी विचारले तरी नीट बसलेत म्हणायची. बापाशी फोनवर बोलताना हमखास म्हणायची, "पप्पा, बूट लय भारी आहेत." ते ऐकून मला वाटे, माझी पाती गंजून गळून पडावीत.

मे महिन्यात मॅडम तिला डेहराडूनला घेऊन गेल्या. धनाजीही सुट्टी काढून तिथे आला. केवढे ते मैदान! छताखाली पसरलेला पांढराशुभ्र बर्फ, ना सांधा ना भुसा. शिबिरातल्या इतर मुली लहानपणापासून बर्फावर खेळणाऱ्या. राजेश्वरी त्यांच्यात खूप कच्ची होती, पण पडल्यावर सगळ्यांत आधी उठायची. शेवटच्या दिवशी परीक्षा होती. दोन्ही धारांवर अर्धवर्तुळे, एका पायावर वळून उलटे जाणे, एक छोटी उडी आणि एक गिरकी.

परीक्षेच्या आधीचा सराव संपवून ती बाकावर येऊन बसली. धनाजी नाडी सैल करायला खाली वाकला.

"मी काढते, पप्पा."

"बस गं. दमलीस."

"नको ना, मी काढते म्हटलं!"

तोवर त्याने उजवा बूट ओढला होता. पांढरा मोजा बोटांपाशी लाल झाला होता. तो बघतच राहिला. मग त्याने दुसरा काढला. तोही तसाच.

"कवापासनं चावत्यात?"

तिने पाय मागे ओढून घ्यायला बघितले.

"राजे, कवापासनं?"

"बाळासोकाकांच्या कारखान्यापासून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला परत सगळ्यांसमोर खाली मान घालायला लागली असती."

आजूबाजूला मुली आपापल्या नाड्या बांधत होत्या. धनाजी बर्फाच्या त्या गार हॉलमध्ये जमिनीवर बसला होता, लेकीचा पाय दोन्ही हातांत धरून.

"घातली असती की मान खाली. लाजलो असतो चार घटका. पर त्यापायी तू पाय सोलून घ्यायचा व्हय? मला काय कळणार हाय लांब बसून? तू सांगितलंस तरच कळणार न्हवं?"

राजेश्वरीने मान हलवली. मॅडमनी पटकन जखमा पुसून पट्ट्या बांधल्या आणि मैदानावर भाड्याने मिळणारे बूट आणले. निळे, ढिले, बोथट धारेचे. ते घालून ती परीक्षेला उतरली.

मी धनाजीच्या मांडीवर होतो. तिथून मी सगळे पाहिले. अर्धवर्तुळे तिने चांगली काढली. वळताना डगमगली, पण वळली. उडी छोटी होती, पण झाली. गिरकीत मात्र ती पडली, उठली आणि पुन्हा पडली. परीक्षक बाई तिला हिंदीत म्हणाल्या की धारा छान आहेत, गिरकी पुढच्या वर्षी होईल, तेव्हा ये. ती पास झाली नाही. ती काठावर आली आणि बापाच्या कुशीत शिरून हसली, रडली, दोन्ही. धनाजीने मोकळ्या हाताने रुमाल काढून माझी पाती कोरडी पुसली. पुसायचे ते मागाहून होईल, असे त्याला कुणी सांगितले असते तरी त्याने ऐकले नसते.

आता मी पल्लवी मॅडमच्या वर्गात असतो. माझ्यात मावेल असे ज्याचे पाऊल असेल, ते मूल मला घेऊन बाळासोच्या कारखान्यात जाते. राजेश्वरीला आता स्वतःच्या मापाचे बूट आहेत. रविवारी लहान मुलांच्या नाड्या बांधायला ती येते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घेणे अवघड नाही. खेळून झाले की पाती कोरडी करा, ओल राहिली की गंज चढतो. सिमेंटवर आम्हाला घालून चालू नका, धार मोडते. पण त्याआधी पायाची काळजी घ्या. कुणी कितीही प्रेमाने आणलेली वस्तू असो, बोचत असेल तर आणणाऱ्याला सांगा. तो थोडा वेळ लाजेल, बस्स.

राजेश्वरी गाठ मारण्याआधी प्रत्येक मुलाला विचारते, "चावतोय का? खरं सांग." बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. एखादे मूल मात्र पाय आखडून म्हणते, "व्हय दीदी, लय चावतोय." मग ती मला हळूच काढून बाजूला ठेवते.

मला आता त्याची लाज वाटत नाही.